विजापूर दोन दिवसांत, एकटीनं

चिंचवडच्या एका शिक्षिकेनं विचारलं आहे: "ताई, दिवाळीनंतर एका शनिवार-रविवारी मी एकटीच विजापूरला जाणार आहे. एकटीनं प्रवास करायची ही पहिलीच वेळ. तेवीस ठिकाणांची यादी काढली आहे, जमलं तर बदामीही करायचा विचार आहे. हे दोन दिवसांत कसं बसवू? आणि एकट्या बाईनं तिथं जावं का?"

शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण तो मनातून गेल्याशिवाय बाकीचं नियोजन नीट होत नाही. जा. गेली बावीस वर्षं मी दख्खनमधल्या सहली नेते आहे, आणि विजापूरला एकटीही पुष्कळदा गेले आहे. मोठा रस्ता सतत जागा असतो, लोक अगत्यानं बोलतात. बाजारात, रिक्षात, खानावळीत मराठी समजणारं कुणी ना कुणी भेटतंच, कारण सोलापूर इथून शंभर किलोमीटरवर आहे आणि दोन्हीकडचे सोयरेसंबंध जुने आहेत. "अण्णा, एष्टु?" म्हणजे "दादा, किती?" एवढं कन्नड पाठ करून जा. समोरचा हसून मराठीत उत्तर देईल.

आता यादी. तिच्यातली निम्म्याहून जास्त ठिकाणं खोडा, आणि सगळ्यात आधी बदामी खोडा. बदामी ही चालुक्यांची राजधानी. ती विजापूरपासून सव्वाशे किलोमीटरच्या आसपास आहे, आणि ऐहोळे-पट्टदकल धरून तिला स्वतःचे दोन-तीन दिवस द्यावे लागतात. ती दुसरी सहल आहे. दोन राजधान्या एका सुट्टीत कोंबलेल्या माणसांना परतीच्या गाडीत मी विचारलेलं आहे, की गगन महाल कुठला आणि लेणी कुठली. गोंधळ झालेला असतो.

विजापूर पाहायचं तर ठिकाणांची संख्या कमी करण्याइतकंच त्यांचा क्रम बदलणंही महत्त्वाचं. या उत्तरात मला मुख्यतः हेच सांगायचं आहे. सोलापूरहून येताना गोल घुमट लांबूनच दिसतो, रेल्वे स्टेशनही त्याच्याच बाजूला. त्यामुळे बहुतेक सगळे पिशवी खांद्यावर घेऊन थेट तिकडे जातात. मग इतका प्रचंड घुमट पाहिल्यावर उरलेलं शहर लहान वाटायला लागतं. जुम्मा मशीद "बरी आहे", इब्राहिम रोजा "सुंदर आहे पण छोटा आहे", आणि बारा कमान म्हणजे नुसते अर्धवट दगड. सुरुवातीची कित्येक वर्षं मीही लोकांना असंच नेत होते, आणि दुपारी त्यांचे चेहरे उतरलेले बघत होते. मग एकदा क्रम उलटा केला, म्हणजे राजे ज्या क्रमानं गादीवर आले त्या क्रमानं इमारती पाहिल्या. शहर एखाद्या घराण्याच्या गोष्टीसारखं उलगडत गेलं. तेव्हापासून मी दुसऱ्या पद्धतीनं विजापूर दाखवलेलं नाही.

जायच्या आधी वहीच्या पहिल्या पानावर ही पाच नावं लिहा. पहिला अली आदिलशहा, १५५८ ते १५८०. त्याचा पुतण्या दुसरा इब्राहिम, १५८० ते १६२७. त्याचा मुलगा महंमद, १६२७ ते १६५६. त्याचा मुलगा दुसरा अली, १६७२ पर्यंत. आणि शेवटचा सिकंदर, १६८६ पर्यंत. घराणं सुरू केलं युसूफ आदिलखानानं, १४९० च्या सुमारास, पण तुम्ही जे डोळ्यांनी पाहणार ते बहुतेक या पाचांच्या काळातलं. आपल्याला शाळेपासून विजापूर म्हणजे शहाजीराजांची चाकरी आणि अफजलखानाची स्वारी एवढंच ठाऊक असतं. शहाजीराजे महंमदशहाच्या काळात या दरबारात स्थिरावले, आणि १६५९ ला अफजलखान इथूनच निघाला तेव्हा गादीवर दुसरा अली होता. ही दोन माणसं त्या पानावर आपापल्या राजासमोर लिहून ठेवा. इमारतींना लगेच ओळखीची माणसं मिळतात.

शहराची मांडणीही समजून घ्या, म्हणजे नकाशा सारखा उघडावा लागणार नाही. पहिल्या अलीनं बांधलेला तट सुमारे दहा किलोमीटरचा आहे. पूर्वेच्या टोकाला गोल घुमट, पश्चिमेला मक्का दरवाजाच्या बाहेर इब्राहिम रोजा, आणि मधोमध राजवाड्यांचा अर्क किल्ला. दोन टोकांत चार-पाच किलोमीटर अंतर. बाकी जवळजवळ सगळं या पट्ट्यातच येतं.

शुक्रवारी रात्री पुण्याहून निघून पहाटे सोलापूर गाठा, आणि उजाडल्यावर विजापूरची बस घ्या. दोन-अडीच तासांत पोचाल. गाडी सोलापूरला अपरात्री सोडत असेल तर उजाडेपर्यंत स्टेशनच्या प्रतीक्षालयातच थांबा. रात्री उशिरा विजापुरात उतरायचा बेत मात्र करू नका. शहर वाईट आहे म्हणून नव्हे. अनोळखी गावात पहिलं पाऊल उजेडात पडलं की पुढचे दोन दिवस मन निर्धास्त राहतं, म्हणून.

राहायला गोल घुमटाकडून गांधी चौकाकडे जाणाऱ्या मोठ्या रस्त्यालगतचं लॉज पाहा. इथे मी एकदा फसले होते. फोटोंवर भाळून खोली घेतली आणि ती निघाली गावाबाहेर वळणरस्त्यावर. रात्री जेवायला बाहेर पडायचं तर रिक्षा मिळेना, आणि बिस्किटं खाऊन झोपले. तेव्हापासून खोली साधी असली तरी चालते, पण दारातून बाहेर पडल्यावर दुकानं आणि माणसं दिसली पाहिजेत. ठरवण्याआधी फोन करून विचारा: "तुमच्यापासून गांधी चौक चालत किती मिनिटं?" उत्तर देताना समोरचा घुटमळला तर दुसरं लॉज बघा.

शनिवारी पिशवी टाकून, नाश्ता करून आधी जुम्मा मशीद. पहिल्या अलीनं तिचं काम १५७० च्या दशकात काढलं. १५६५ च्या तालिकोटच्या लढाईत विजयनगरचा पाडाव झाल्यानंतरचे हे दिवस, राज्याच्या हाती पैसा आणि आत्मविश्वास दोन्ही आले होते. डोक्यावरून ओढणी घ्या, नमाजाची वेळ टाळा, आणि आत गेल्यावर घाई करू नका. ही इमारत पहिल्या नजरेत काहीच बोलत नाही. पांढऱ्या भिंती, एकामागे एक कमानी, कोरीवकाम अगदी थोडं. पाच मिनिटं एका जागी उभ्या राहा, मग त्या कमानींची लय जाणवायला लागते. जमिनीवर एकेका माणसापुरते चौकोन आखलेले दिसतील, सव्वादोन हजारांहून जास्त. ते नंतर औरंगजेबानं आखून घेतले. समोरच्या मेहराबीवरचं, म्हणजे नमाजाची दिशा दाखवणाऱ्या कोनाड्यावरचं सोनेरी, रंगीत काम महंमदशहाच्या काळातलं, १६३६ चं. ते करणाऱ्याचं नाव याकूत दाभोळी, म्हणजे आपल्या रत्नागिरीतल्या दाभोळचा. दाभोळ तेव्हा आदिलशाहीचं मोठं बंदर होतं. एवढ्या लांबच्या भिंतीवर कोकणातल्या गावाचं नाव भेटतं, याचं मला दर वेळी अप्रूप वाटतं.

दुपारी जेवा आणि खोलीवर तासभर आडव्या व्हा. एकट्या प्रवासात ही विश्रांती टाळू नका. गटात असताना थकवा गप्पांत विरतो, पण एकटीला तो थेट डोक्यात चढतो, आणि मग उगाच घरची आठवण, उगाच भीती. जेवणासाठी "खानावळी" अशी पाटी शोधा. लिंगायत खानावळीत शाकाहारी ताट मिळतं: ज्वारीची पातळ भाकरी, भरल्या वांग्याची एण्णेगायी, शेंगदाण्याची चटणी, दही. हा ज्वारीचाच मुलूख आहे, आणि भाकरी तव्यावरून थेट ताटात येते. एकट्या बाईला तिथं कुणी टक लावून पाहत नाही. वाढणारी बाई चौथी भाकरी वाढायला मात्र टपलेली असते.

अडीच-तीनच्या सुमाराला एक रिक्षा अर्ध्या दिवसासाठी ठरवा. लॉजवाल्यालाच बोलवायला सांगा आणि पैसे आधी बोलून घ्या. थांबत-थांबत पश्चिमेकडे जायचं आहे. पहिला थांबा उपळी बुरूज, हैदरखानानं १५८४ ला बांधलेला. पायऱ्या बाहेरून वळत वर जातात. वरून सगळं शहर पसरलेलं दिसतं, पूर्वेला घुमटही. उद्या तिथं जायचं आहे, आज फक्त लांबून बघा.

तिथून जवळच तटावर मुलुखमैदान तोफ. खणखणीत बोलणाऱ्या वक्त्याला आपण मुलुखमैदान म्हणतो ते हिच्याचवरून. १५४९ ला अहमदनगरला महंमद रूमीनं ती ओतली, मग परांड्याच्या किल्ल्यावर गेली, आणि १६३२ ला आदिलशाहीनं ती तिथून उचलून इथं आणली. लांबी साडेचार मीटरच्या आसपास, वजन सुमारे पंचावन्न टन. तोंड सिंहाचं आहे, आणि त्याच्या जबड्यात चिरडला जाणारा हत्ती. उन्हातही तिच्यावर हात ठेवून पाहा. धातू बराच गार लागतो आणि बोटानं टकटक केलं तर बारीक घंटेसारखा आवाज येतो. १८५४ ला इंग्रजांनी तिचा लिलाव काढला होता, सर्वांत मोठी बोली आली दीडशे रुपयांची, आणि विक्री रद्द झाली. म्हणून आज ती आहे.

चारच्या आत इब्राहिम रोजावर पोचा. ही वेळ मी मुद्दाम सांगते. एका उंच चौथऱ्यावर पूर्वेला कबर आणि पश्चिमेला मशीद, समोरासमोर. दुपार उतरली की पश्चिमेचं ऊन सरळ कबरीच्या दर्शनी भिंतीवर येतं आणि कोरलेली अक्षरं भिंतीतून उठून वर येतात. सकाळी हीच भिंत सावलीत सपाट दिसते. दुसऱ्या इब्राहिमनं ही वास्तू राणी ताज सुलतानासाठी काढली, पण १६२७ ला तो गेला आणि तिथंच विसावला. बांधणारा मलिक संदल. ताज बावडी ही मोठी विहीरही त्याचीच, वाटेत वेळ असेल तर वरून डोकावा.

हा राजा सगळ्या आदिलशहांत मला जवळचा वाटतो. संगीतावर त्यानं दख्खनी भाषेत पदं रचली, त्यांत सरस्वतीची आणि गणपतीची स्तुती आहे. फरिश्ता या इतिहासकारानं आपला प्रसिद्ध इतिहास त्याच्याच दरबारात लिहिला. त्यामुळे रोजावर गेल्यावर आधी त्या अक्षरांकडे जा. खिडक्यांत दगडाची जाळी आहे, आणि जाळी म्हणजे नक्षी नव्हे, अरबी अक्षरं आहेत. आत अंधारात उभं राहून बाहेर बघितलं की दगड काळा होतो आणि अक्षरं उजेडाची होतात. आतल्या दालनाचं छतही बघा. बाजू सुमारे बारा मीटर, छत सपाट, दगडाचं, आणि मधे एकही खांब नाही. चुना आणि दगड यांच्या भरवशावर ते चारशे वर्षं तसंच आहे.

इथं दोन तास द्या. गटाबरोबर असते तर मला हे कधीच सांगता आलं नसतं, कारण गटात कुणाला चहा हवा असतो, कुणाला फोटो. तुम्ही एकट्या आहात, हाच या सहलीचा मोठा फायदा आहे. चौथऱ्याच्या कडेला बसा, वहीत एक कमान काढा. चित्र वाईट आलं तरी चालेल. कमान काढताना ती जितकी दिसते तितकी नुसती पाहताना दिसत नाही. बंद होण्याच्या वेळेला बाहेर या, रिक्षा थांबलेली असेल.

रविवारी पहाटे उठा. घुमटाचं आवार सकाळी लवकर, सहाच्या सुमाराला उघडतं. आदल्या संध्याकाळी लॉजवर विचारून खात्री करून घ्या. नऊनंतर शाळांच्या सहली येतात आणि आत नुसता गलका होतो, कारण प्रत्येक मुलाला आपला आवाज परत ऐकायचा असतो. त्यांचा आनंद खरा आहे, पण तुम्हाला त्या वास्तूचा आवाज ऐकायचा आहे.

आत शिरल्यावर लगेच जिन्याकडे जाऊ नका. खाली मध्यभागी उभं राहून वर बघा. चौरस दालनावर गोल घुमट बसवायचा कसा, हा इथला प्रश्न. भिंतींतून आठ कमानी निघतात आणि एकमेकींना छेदत आत झुकतात, जणू दोन चौकोन एकमेकांवर तिरके ठेवले आहेत. त्यातून अष्टकोन तयार होतो आणि त्यावर घुमट टेकतो. त्या कमानी आत झुकल्यामुळे घुमटाचा बाहेर ढकलणारा रेटा त्या पेलतात. बाहेरून घुमटाचा व्यास सुमारे चव्वेचाळीस मीटर, आत अडतीस, आणि खाली एकही खांब नाही. हे नीट पाहून मग वर गेलात तर वरच्या सज्जावर आपण नेमकं कशावर उभे आहोत ते कळतं. खालच्या कबरी महंमदशहाच्या आणि त्याच्या माणसांच्या, त्यांत रंभा नावाची त्याची आवडती नर्तकीही आहे. खऱ्या कबरी तळघरात.

जिने चारी कोपऱ्यांतल्या सात मजली मनोऱ्यांत आहेत. शंभराहून जास्त पायऱ्या, अरुंद आणि काही ठिकाणी अंधाऱ्या. फोनची बॅटरी भरलेली ठेवा आणि गुडघे कुरकुरत असतील तर मधल्या झरोक्यांपाशी थांबत जा. वरच्या सज्जात एका बाजूला कुजबुजलं की पलीकडे स्पष्ट ऐकू येतं, आणि एकटीनं जाणाऱ्यांना इथं नेमकी पंचाईत होते: पलीकडे उभं कोण राहणार? सकाळी तिथं पहारेकरी असतो. त्याला नमस्कार करून विचारा, तो बहुतेक वेळा आनंदानं पलीकडे जाऊन भिंतीशी काहीतरी पुटपुटतो. तो नसेल तर एकदाच टाळी वाजवा आणि गप्प राहा. ती एक टाळी पुन्हा पुन्हा कशी परत येते ते मोजा. नंतर वहीचा एक कागद हळूच फाडा. बाहेरच्या गच्चीवरून पश्चिमेला बघितलं की काल कुठे कुठे गेलो ते दिसतं.

खाली उतरल्यावर नाश्ता करून घुमटासमोरच्या नगारखान्यातलं संग्रहालय. ते शुक्रवारी बंद असतं, म्हणजे तुम्हाला अडचण नाही. एक तास पुरे.

मग पायी किंवा रिक्षानं शहराच्या मध्याकडे. असर महालाचे उंच लाकडी खांब आणि समोरचा हौद बाहेरून पाहा. आतल्या दालनात स्त्रियांना प्रवेश नाही, हे आधीच माहीत असलं म्हणजे दारात उभं राहून मन खट्टू होत नाही. माझं झालं होतं. पुढे बारा कमान, म्हणजे दुसऱ्या अलीची कबर. बापाच्या घुमटानंतर त्यानंही भव्य काम काढलं, पण १६७२ ला तो गेला आणि कमानी तशाच राहिल्या. तिची सावली घुमटावर पडेल म्हणून काम थांबवलं, असं वाटाडे सांगतात. दोन्हींमधलं अंतर पाहिलंत की त्या गोष्टीत अर्थ नाही हे तुम्हाला कळेल. एकीकडून मोगल, दुसरीकडून शिवाजीमहाराज, अशा दुहेरी दबावातली ही वर्षं आहेत. आदल्या सकाळी जुम्मा मशिदीतला ठाम आत्मविश्वास पाहिलेला असला की या छत नसलेल्या कमानींत उभं राहताना घशात काहीतरी दाटतं. क्रमानं पाहण्याचा आग्रह मी याचसाठी धरते.

शेवटचं ठिकाण गगन महाल. पहिल्या अलीचा, १५६१ चा, म्हणजे खरं तर यादीत सगळ्यात जुन्यांपैकी. तो मुद्दाम शेवटी ठेवला आहे, कारण सप्टेंबर १६८६ मध्ये औरंगजेबापुढे सिकंदर आदिलशहाला इथंच आणलं गेलं, चांदीच्या साखळ्या घालून, असं सांगतात. तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. आता समोर बाग आहे, मुलं खेळत असतात. मधली कमान अठरा मीटरच्या आसपास रुंद आहे. तिच्यासमोरच्या हिरवळीवर बसून डबा खा.

साठ कबरी, तोरवी, गावाबाहेरचे एकाकी तट आणि बावड्या या फेरीत नकोत. भीती दाखवायची नाही, पण ती जागा निर्मनुष्य असते, आणि पाय मुरगळला तरी हाक ऐकायला कुणी नसतं. पुढच्या वेळी कुणाला बरोबर घेऊन जा. सुट्ट्या नोटा जवळ ठेवा, आधार कार्डाची प्रत पर्समध्ये आणि मूळ प्रत पिशवीच्या तळाशी. घरी रोज रात्री ठरल्या वेळी एक फोन करा, दिवसभर सतत नको, नाहीतर तुम्ही विजापुरात आणि मन चिंचवडला असं होईल.

सोलापूरला परतायची बस तीनच्या आसपासची धरा, म्हणजे पुण्याची संध्याकाळची गाडी गाठताना धावपळ होणार नाही. जागा मिळाली तर मागच्या बाजूची खिडकी घ्या. गाव सुटल्यावरही घुमट बराच वेळ मागे दिसत राहतो.